पोस्टग्रेस सर्व्हरची नेमकी किती रॅम वापरतो? मोजणीची पायरीवार पद्धत

समजा, ३२ जीबी रॅमचा एक लिनक्स सर्व्हर आहे. त्यावर फक्त पोस्टग्रेस हा डेटाबेस चालतो, शेअर्ड_बफर्स (डेटाची पानं ठेवायची त्याची सामायिक जागा) ८ जीबी ठेवले आहेत आणि दिवसभर १५० च्या आसपास कनेक्शन उघडी असतात. प्रोसेसची यादी दाखवणारा टॉप हा आदेश लावला की जवळपास प्रत्येक पोस्टग्रेस प्रोसेससमोर ६ जीबी दिसतात. बेरीज केली तर ९०० जीबी होतात. त्याच मिनिटाला एकूण मेमरी दाखवणारा फ्री हा आदेश चालवला, तर ‘युज्ड’खाली जेमतेम ५ जीबी दिसतात.

यातला एकही आकडा खोटा नाही, आणि यातल्या एकाही आकड्याच्या भरवशावर रॅम वाढवू नये किंवा शेअर्ड_बफर्सला हात लावू नये. अशा सर्व्हरवर पोस्टग्रेस खरोखर वापरत असलेली मेमरी १२ जीबीच्या आसपास निघते. ती कशी काढायची, हे इथे क्रमाने दिलं आहे. उदाहरणं पोस्टग्रेसच्या १३ ते १७ या आवृत्त्यांना आणि आजच्या लिनक्स कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) धरून आहेत.

आधी हिशेबाची खाती वेगळी करू

पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस उघडतो. त्यामुळे त्याची मेमरी तीन ठिकाणी विभागलेली असते आणि या तीन खात्यांची सरमिसळ झाली की आकडे भरकटतात.

पहिलं खातं सामायिक मेमरीचं. यात शेअर्ड_बफर्स, वॉल बफर (बदलांच्या नोंदवहीचा तात्पुरता साठा), लॉकची तक्ती वगैरे येतात. सर्व्हर सुरू होताना ही एकदाच मागितली जाते आणि सगळ्या प्रोसेस तीच वापरतात. दुसरं खातं प्रत्येक प्रोसेसच्या खासगी मेमरीचं: सॉर्ट, हॅश, कॅटलॉगची कॅश, प्रिपेअर्ड स्टेटमेंटचे प्लॅन. तिसरं खातं कर्नलचं. पोस्टग्रेसने डिस्कवरून वाचलेल्या फाइलींची पानं कर्नल आपल्या पेज कॅशमध्ये ठेवतो. ती पोस्टग्रेसच्या कामाची असतात, पण पोस्टग्रेसच्या मालकीची नसतात आणि गरज पडली तर कर्नल ती लगेच मोकळी करू शकतो.

टॉपमधल्या प्रत्येक प्रोसेसने आपल्या नावावर सामायिक मेमरीही धरलेली असते. सोसायटीतल्या प्रत्येक फ्लॅटने गच्चीवरची अख्खी टाकी आपलीच म्हणून मोजावी, तसं हे होतं. ९०० जीबी तिथून येतात.

पायरी १: पोस्टग्रेसने किती मागितली, ते पाहा

सुरुवात सेटिंगपासून करा, कारण पुढचे सगळे आकडे याच्याशी ताडून पाहायचे आहेत. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन साधनात जाऊन शो या आदेशाने शेअर्ड_बफर्स, वर्क_मेम, हॅश_मेम_मल्टिप्लायर, मेंटेनन्स_वर्क_मेम, ऑटोव्हॅक्यूम_मॅक्स_वर्कर्स, मॅक्स_कनेक्शन्स आणि ह्यूज_पेजेस यांच्या किमती लिहून घ्या. कॉन्फिगरेशनची फाइल उघडून तिथल्या किमती लिहू नका. शेअर्ड_बफर्स बदलल्यावर सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो. फाइलमध्ये नवा आकडा आणि चालू सर्व्हरमध्ये जुना, अशी अवस्था महिनोन्‌महिने राहिलेली सापडते. पीजी_सेटिंग्ज या व्ह्यूमधला ‘पेंडिंग_रीस्टार्ट’ रकाना खरा असेल, तर नेमकं तेच झालेलं आहे.

शेअर्ड_बफर्सची मूळ किंमत १२८ एमबी आहे. फक्त डेटाबेससाठी असलेल्या सर्व्हरवर एकूण रॅमच्या २५ टक्के ही सुरुवात पोस्टग्रेसचे दस्तऐवज सुचवतात आणि ४० टक्क्यांच्या वर नेऊन सहसा फायदा होत नाही, असंही बजावतात. आपल्या उदाहरणातले ८ जीबी म्हणजे ३२ चे बरोबर २५ टक्के.

सामायिक मेमरीत शेअर्ड_बफर्सखेरीज आणखी काय आहे, ते आवृत्ती १३ पासून मिळणाऱ्या पीजी_शमेम_अ‍ॅलोकेशन्स या व्ह्यूमध्ये दिसतं. सुपरयुजर म्हणून त्यातून नाव आणि आकार मागवा, आकाराच्या उतरत्या क्रमाने लावा. पहिली ओळ बफर ब्लॉक्सची असेल आणि बाकीच्या ओळी तिच्यापुढे किरकोळ वाटतील. एकूण बेरीज एकाच आकड्यात हवी असेल, तर आवृत्ती १५ पासून ‘शो शेअर्ड_मेमरी_साइझ’ एवढं पुरतं.

इफेक्टिव्ह_कॅश_साइझ मात्र या यादीत धरू नका. तिथे २४ जीबी लिहिलेले असले, तरी त्यापायी एक बाइटही घेतला जात नाही. पेज कॅशमध्ये साधारण किती डेटा सापडेल, याचा अंदाज क्वेरी प्लॅनरला देण्यापुरतंच ते सेटिंग आहे. मेमरी वाचवायची म्हणून कुणी ते कमी करतं, तेव्हा मेमरी एवढीशीही वाचत नाही, उलट प्लॅनर इंडेक्स सोडून पूर्ण टेबल वाचण्याकडे झुकतो.

पायरी २: मागितलेल्यातली किती प्रत्यक्ष भरली?

८ जीबी मागितले म्हणजे ८ जीबी लगेच रॅममध्ये बसले, असं होत नाही. साध्या ४ केबीच्या पानांवर कर्नल प्रत्येक पान पहिल्यांदा वापरलं जाईल तेव्हाच देतो. म्हणून रीस्टार्टनंतर लगेच मोजलेला आकडा लहान येतो, पुढचे काही तास तो चढत राहतो आणि पाहणाऱ्याला वाटतं की मेमरी गळते आहे. ही गळती नव्हे. बफर भरले की चढ थांबतो.

किती भरले, हे पीजी_बफरकॅश या एक्स्टेंशनने कळतं. ते पोस्टग्रेससोबतच येतं, फक्त क्रिएट एक्स्टेंशन करून चालू करावं लागतं. आवृत्ती १६ पासून त्यात पीजी_बफरकॅश_समरी हे फंक्शन आहे. वापरात किती बफर, रिकामे किती, डर्टी (बदललेले, पण अजून डिस्कवर न लिहिलेले) किती, हे ते एका ओळीत देतं. वापरातल्या बफरांच्या संख्येला ८ केबीने गुणा. जुन्या आवृत्तीत पीजी_बफरकॅश व्ह्यूमधल्या, रेलफाइलनोड रिकामा नसलेल्या ओळी मोजाव्या लागतात. ८ जीबी म्हणजे १०,४८,५७६ ओळी. ती क्वेरी हलकी नाही, म्हणून गर्दीच्या वेळी दर मिनिटाला चालवू नका.

याच व्ह्यूला पीजी_क्लास जोडून कोणत्या टेबलाने किती बफर धरले आहेत, हेही पाहता येतं. माझ्या मते या संपूर्ण मोजणीतली सर्वांत उपयोगी क्वेरी हीच. ८ जीबींपैकी मोठा वाटा कुणी न वाचणाऱ्या लॉगच्या टेबलाकडे आहे, असं दिसलं तर प्रश्न रॅमचा राहत नाही, त्या टेबलाचा होतो.

पायरी ३: सगळ्या मशीनचं चित्र

आता /प्रोक/मेमइन्फो ही फाइल कॅटने उघडा. फ्री हा आदेशसुद्धा याच फाइलीतून आकडे घेतो, पण घेताना ते एकत्र करतो आणि डेटाबेससाठी महत्त्वाचा भेद त्यातच हरवतो.

पाहायच्या ओळी मोजक्या आहेत. मेमअव्हेलेबल: नव्या कामासाठी स्वॅपला (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) हात न लावता साधारण किती मेमरी मिळू शकेल. शमेम: सामायिक मेमरी आणि टीएमपीएफएस (रॅममध्येच राहणारी फाइल सिस्टिम) मिळून. अ‍ॅनॉनपेजेस: सगळ्या प्रोसेसची खासगी मेमरी. पेजटेबल्स: हिच्यावर पुढे एक पूर्ण पायरी आहे. कॅश्ड: पेज कॅश, पण त्यात शमेमही मिसळलेली असते. ह्यूजपेजेसच्या तीन ओळी, म्हणजे टोटल, फ्री आणि आरएसव्हीडी. आणि स्वॅप.

फ्रीमधला ५ जीबीचा आकडा कुठून आला, याचं उत्तर ‘कॅश्ड’च्या ओळीत आहे. शेअर्ड_बफर्सची मेमरी कर्नलच्या दृष्टीने शमेम आहे आणि शमेम कॅश्डमध्ये मोजली जाते. फ्रीची जुनी आवृत्ती एकूण मेमरीतून मोकळी मेमरी, बफर आणि कॅश वजा करून ‘युज्ड’ दाखवते, म्हणजे पोस्टग्रेसचे ८ जीबी सरळ ‘बफ/कॅश’च्या रकान्यात जाऊन बसतात. ‘कॅश आहे, लागली तर मोकळी होईल’ असं समजून त्याच सर्व्हरवर दुसरं ॲप्लिकेशन चढवलं जातं, पण ती मेमरी मोकळी होणारी नसते. ती फक्त स्वॅपमध्ये जाऊ शकते, आणि शेअर्ड_बफर्स स्वॅपमध्ये जाणं ही डेटाबेससाठी वाईट अवस्था आहे. फ्रीच्या चौथ्या पिढीपासून ‘युज्ड’ हा एकूण वजा अव्हेलेबल असा काढला जातो, त्यामुळे तिथे चित्र बरंच खरं दिसतं. आपल्या सर्व्हरवर कोणती आवृत्ती आहे, ते पाहून मगच ‘युज्ड’ वाचा. दोन सर्व्हरची तुलना करताना तर हे आधी पाहा.

पेज कॅशचा खरा आकार हवा असेल, तर कॅश्डमधून शमेम वजा करा.

पायरी ४: प्रोसेसनिहाय खासगी मेमरी

टॉप किंवा पीएस दाखवतो तो आकडा आरएसएसचा, म्हणजे त्या प्रोसेसने हात लावलेल्या आणि सध्या रॅममध्ये असलेल्या सगळ्या पानांचा. त्यात सामायिक पानंही आली. कर्नल ४.५ पासून, म्हणजे २०१६ पासून, /प्रोक/पीआयडी/स्टेटस (पीआयडी म्हणजे प्रोसेसचा क्रमांक) या फाइलीत आरएसएसचे तीन तुकडे वेगळे मिळतात: आरएसएसअ‍ॅनॉन, आरएसएसफाइल आणि आरएसएसशमेम. आपल्याला हवी ती आरएसएसअ‍ॅनॉनची ओळ. टॉपमध्येच उरकायचं असेल, तर रेस या रकान्यातून एसएचआर वजा करा. उत्तर तेच येतं.

सगळ्या प्रोसेसची बेरीज करायला लहानशी स्क्रिप्ट पुरते. पीग्रेपला पोस्टग्रेस हा युजर देऊन पीआयडी मिळवायचे, प्रत्येकाच्या स्टेटस फाइलीतली आरएसएसअ‍ॅनॉनची ओळ ऑकने उचलायची आणि आकडे मिळवत जायचं. हे वाचन अगदी स्वस्त आहे, दर मिनिटाला केलं तरी चालतं. आपल्या उदाहरणात सरासरी १५ एमबी धरू. १५० कनेक्शनचे झाले सुमारे २.२ जीबी. फोर्क झाल्यावर मूळ प्रोसेसशी वाटून घेतलेली काही पानं यात पुन्हा मोजली जातात, पण तो फरक निर्णय बदलण्याइतका नसतो.

पै-पैचा हिशेब हवा असेल, तर पीएसएस वापरा. यात सामायिक पान जितक्या प्रोसेस वापरतात, तितक्यांत वाटून मोजलं जातं. चार जणांत सामायिक असलेलं ४ केबीचं पान प्रत्येकाच्या नावावर १ केबी पडतं. त्यामुळे पीएसएसची बेरीज हीच खरी बेरीज असते. कर्नल ४.१४ पासून /प्रोक/पीआयडी/स्मॅप्स_रोलअप या फाइलीत ती प्रत्येक प्रोसेससाठी एका ओळीत मिळते. वाचायला रूट किंवा पोस्टग्रेस युजरचे अधिकार लागतात. मात्र हा आकडा काढताना कर्नलला त्या प्रोसेसची सगळी पानं तपासावी लागतात. शेअर्ड_बफर्स मोठे आणि कनेक्शन शेकड्यांत असतील, तर त्याचा भार जाणवतो. म्हणून पीएसएस तपासणीपुरता ठेवा, रोजच्या देखरेखीला आरएसएसअ‍ॅनॉन पुरेसा आहे.

मायएसक्यूएल चालवणाऱ्यांना ही कसरत करावी लागत नाही. तिथे एकच प्रोसेस आणि आत थ्रेड असतात, त्यामुळे त्या प्रोसेसचा आरएसएस थेट कामाचा. आतला तपशील ‘सिस’ स्कीमातल्या मेमरी_ग्लोबल_टोटल आणि मेमरी_ग्लोबल_बाय_करंट_बाइट्स या व्ह्यूंमध्ये मिळतो.

पायरी ५: कुणाच्याच खात्यावर नसलेली पेज टेबलं

ही पायरी बहुतेक लेखांत नसते, आणि जास्त कनेक्शन असलेल्या सर्व्हरवर हिशेब न जुळण्याचं कारण बहुधा इथेच असतं.

प्रोसेसला दिसणारा पत्ता आणि रॅममधली खरी जागा यांची सांगड कर्नल पेज टेबलात ठेवतो. ४ केबीच्या प्रत्येक पानामागे तिथे ८ बाइटची एक नोंद असते. पान सामायिक असलं, तरी ही टेबलं प्रत्येक प्रोसेसची वेगळी असतात. ६ जीबीला हात लावलेल्या एका प्रोसेससाठी १५,७२,८६४ नोंदी होतात, म्हणजे १२ एमबी. अशा १५० प्रोसेस असतील तर १,८०० एमबी. प्रोसेसच्या आरएसएसमध्येही ही मेमरी नसते आणि पीएसएसमध्येही नसते. मेमइन्फोतली पेजटेबल्सची ओळ ती एकत्रित दाखवते आणि प्रत्येक प्रोसेसच्या स्टेटस फाइलीत व्हीएमपीटीई या नावाने ती वेगळी मिळते.

आता आपल्या सर्व्हरचा ताळेबंद मांडता येतो. सामायिक ८ जीबी, खासगी २.२ जीबी, पेज टेबलं १.८ जीबी. एकूण १२ जीबी. जुन्या फ्रीने दाखवलेले ५ जीबी म्हणजे यातली खासगी मेमरी, पेज टेबलं आणि वर ऑपरेटिंग सिस्टिमचा सुमारे १ जीबी. सामायिक ८ जीबी त्यात नव्हतेच.

शेअर्ड_बफर्स ३२ किंवा ६४ जीबी असतील आणि कनेक्शन ५०० असतील, तर हा आकडा कुठे जाईल, ते वरच्याच गणिताने काढा. ६४ जीबी पूर्ण हाताळणाऱ्या एका प्रोसेसची पेज टेबलं १२८ एमबी होतात. ५०० प्रोसेसची जवळपास ६२ जीबी. नवी रॅम घेऊन हा प्रश्न सुटत नाही. त्याला उपाय दोनच: पीजीबाउन्सरसारखा पूलर (थोडी कनेक्शन अनेकांत वाटून देणारा मधला प्रोग्राम) लावून कनेक्शनची संख्या खाली आणणं आणि ह्यूज पेजेस, म्हणजे मोठ्या आकाराची पानं, वापरणं. २ एमबीच्या पानांवर ८ जीबीसाठी फक्त ४,०९६ नोंदी लागतात.

ह्यूज पेजेस चालू असतील तर मोजणी बदलते

ती मेमरी मग आरएसएसमध्ये दिसत नाही, पीएसएसमध्येही नाही आणि शमेममध्येही नाही. टॉपमधल्या प्रोसेस अचानक बारीक दिसू लागतात. मेमइन्फोतल्या ह्यूजपेजेस_टोटलला पानाच्या आकाराने गुणून तो आकडा वेगळा धरावा लागतो.

इथे एक गोष्ट आवर्जून तपासा. ह्यूजपेजेस_फ्रीमधून आरएसव्हीडी वजा केल्यावर जे उरतं, ती अक्षरशः पडून असलेली मेमरी असते. ती पोस्टग्रेस वापरत नाही, पेज कॅश वापरू शकत नाही, कुणीच वापरू शकत नाही. शेअर्ड_बफर्स नंतर कमी केले आणि राखीव पानं तशीच राहिली की असं होतं. नेमकी किती पानं राखायची, हे आवृत्ती १५ पासून सर्व्हर बंद असताना पोस्टग्रेसच्या बायनरीला मोठ्या सी या पर्यायासोबत शेअर्ड_मेमरी_साइझ_इन_ह्यूज_पेजेस विचारलं की कळतं.

उलटही घडतं. ह्यूज_पेजेसची मूळ किंमत ‘ट्राय’ आहे. पानं कमी पडली तर पोस्टग्रेस तक्रार न करता साध्या पानांवर सुरू होतो. आवृत्ती १७ मध्ये ह्यूज_पेजेस_स्टेटस विचारून खरी स्थिती कळते. त्याआधीच्या आवृत्तीत मेमइन्फोत फ्री आणि टोटल सारखेच आणि आरएसव्हीडी शून्य दिसले, तर पानं राखली पण वापरली गेली नाहीत, असं समजा.

पायरी ६: एखादी प्रोसेस फुगली असेल तर

बेरजेत एखाद-दुसऱ्या पीआयडीचा आरएसएसअ‍ॅनॉन ५०० एमबी किंवा जास्त दिसला, तर आधी तो पीआयडी पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीत शोधा. बॅकएंड_टाइप, अ‍ॅप्लिकेशन_नेम, स्टेट आणि बॅकएंड_स्टार्ट या चार रकान्यांवरून बरंच कळतं. क्वेरी चालू असेल तर कारण समोरच असतं. अडचण ‘आयडल’ असूनही मोठ्या असलेल्या कनेक्शनची असते.

अशा वेळी आवृत्ती १४ पासून पीजी_लॉग_बॅकएंड_मेमरी_कॉन्टेक्स्ट्स या फंक्शनला तो पीआयडी द्या. ती प्रोसेस आपल्या मेमरीची पूर्ण वाटणी सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहिते. आपल्याच सेशनची पाहायची असेल, तर पीजी_बॅकएंड_मेमरी_कॉन्टेक्स्ट्स हा व्ह्यू आहे. लॉगमध्ये शेवटी ‘ग्रँड टोटल’ची ओळ असते. ती आधी पाहा आणि आरएसएसअ‍ॅनॉनशी ताडा.

ग्रँड टोटल मोठी असेल आणि तिच्यातला मोठा वाटा कॅशमेमरीकॉन्टेक्स्टखाली असेल, तर त्या कनेक्शनने आयुष्यात खूप वेगवेगळ्या टेबलांना हात लावला आहे. हजारो पार्टिशन असलेल्या किंवा प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी स्कीमा ठेवलेल्या डेटाबेसमध्ये हे हमखास होतं. पोस्टग्रेस टेबलांची ही माहिती कनेक्शन संपेपर्यंत जपून ठेवतो. कॅश्डप्लॅनच्या ओळी ढिगाने दिसल्या, तर ॲप्लिकेशन प्रिपेअर्ड स्टेटमेंट बनवतंय आणि सोडत नाही. दोन्ही प्रकरणांत पूलरमध्ये सर्व्हर कनेक्शनचं आयुष्य ठरावीक मिनिटांचं ठेवणं हा सरळ उपाय.

ग्रँड टोटल लहान आणि आरएसएसअ‍ॅनॉन मोठा, असंही दिसेल. म्हणजे पोस्टग्रेसने मेमरी सोडली, पण सी लायब्ररीच्या मॅलॉकने ती कर्नलला परत केली नाही. ती पुढच्या क्वेरीला वापरता येते, तेव्हा लगेच घाबरायचं कारण नाही. मात्र अशी शंभर कनेक्शन असतील तर तो साठा मोठा होतो.

पायरी ७: आत्ताचा वापर आणि कमाल वापर वेगळे

इथवर मोजलं ते या क्षणाचं. सर्व्हर पडतो तो मात्र कमाल वापराच्या क्षणी, आणि तो क्षण वर्क_मेम ठरवतं.

वर्क_मेम ही कनेक्शनची मर्यादा नाही. ती क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टची आणि प्रत्येक हॅशची मर्यादा आहे. हॅशसाठी ती हॅश_मेम_मल्टिप्लायरने गुणली जाते, ज्याची मूळ किंमत आवृत्ती १५ पासून २ आहे. पॅरलल क्वेरीत प्रत्येक वर्करला ती पुन्हा वेगळी मिळते. वर्क_मेम ६४ एमबी ठेवलं आणि एका रिपोर्टच्या क्वेरीत दोन हॅश आणि एक सॉर्ट असेल, तर १२८ अधिक १२८ अधिक ६४, म्हणजे ३२० एमबी. दोन वर्कर आणि मुख्य प्रोसेस मिळून तीन, तेव्हा ९६० एमबीपर्यंत. एकाच क्वेरीला. महिनाअखेरीस तोच रिपोर्ट दहा जणांनी एकदम उघडला, तर आपल्या ३२ जीबीच्या सर्व्हरची शिल्लक निम्म्याने उतरते.

प्रत्यक्षात किती लागली, हे एक्सप्लेन अ‍ॅनलाइज सांगतं. सॉर्टच्या नोडखाली ‘क्विकसॉर्ट मेमरी’ आणि केबीचा आकडा असतो, किंवा ‘एक्सटर्नल मर्ज डिस्क’ असं लिहिलेलं असतं. हॅशच्या नोडखाली बॅचेस आणि मेमरी युसेज दिसतं. बॅचेस १ पेक्षा जास्त असतील, तर हॅश मेमरीत मावला नाही. सगळ्या डेटाबेसचा कल पाहायला पीजी_स्टॅट_डेटाबेसमधले टेम्प_फाइल्स आणि टेम्प_बाइट्स हे रकाने रोज टिपा. कोणती क्वेरी डिस्कवर सांडते, ते लॉग_टेम्प_फाइल्स चालू केल्यावर लॉगमध्ये येतं. ते पाहून वर्क_मेम त्या एका क्वेरीपुरतं किंवा रिपोर्टच्या रोलपुरतं वाढवा. सर्वांसाठी वाढवणं हा मला धोक्याचा निर्णय वाटतो, कारण त्याची किंमत गर्दीच्या दिवशीच कळते.

टेबलांतल्या निकामी ओळी आपोआप साफ करणारं ऑटोव्हॅक्यूमही या कमाल हिशेबात धरा. ऑटोव्हॅक्यूम_वर्क_मेम वेगळं दिलं नसेल, तर प्रत्येक वर्कर मेंटेनन्स_वर्क_मेमपर्यंत (आवृत्ती १७ च्या आधी फार तर १ जीबीपर्यंत) जाऊ शकतो आणि मुळात असे तीन वर्कर असतात. इंडेक्स लवकर बनावा म्हणून मेंटेनन्स_वर्क_मेम २ जीबी करून ठेवलं असेल, तर ही ओळ कोरी सोडू नका.

पायरी ८: पेज कॅशमध्ये डेटाबेसचं काय आहे?

हवं असेल तरच ही पायरी करा. पीजी_रिलेशन_फाइलपाथ या फंक्शनने टेबलाच्या फाइलीचा मार्ग मिळतो. फिनकोर या आदेशाला ती फाइल दिली की तिची किती पानं कॅशमध्ये आहेत, ते कळतं. १ जीबीपेक्षा मोठ्या टेबलाच्या अनेक फाइली असतात, तेव्हा क्रमांक लावलेले सगळे तुकडे द्या. तेच पान शेअर्ड_बफर्समध्येही आणि पेज कॅशमध्येही असू शकतं, म्हणून या दोन आकड्यांची बेरीज करून ‘इतका डेटा मेमरीत आहे’ असं म्हणता येत नाही.

पायरी ९: सिस्टिमडी, कंटेनर आणि क्लाउड

सिस्टिमसीटीएल स्टेटसमध्ये पोस्टग्रेसच्या सर्व्हिसखाली मेमरीचा एक आकडा येतो. तो सीग्रुपचा (कर्नल एकत्र मोजतो त्या प्रोसेसच्या गटाचा) मेमरी.करंट असतो आणि त्यात पेज कॅश धरलेली असते. मोठा बॅकअप घेतल्यावर तो कित्येक जीबी उडी मारतो आणि चिंता वाटते. त्या सीग्रुपच्या मेमरी.स्टॅट फाइलीत अ‍ॅनॉन, शमेम आणि फाइल या ओळी वेगळ्या वाचा. फाइलमध्ये शमेम मिसळलेली असते, ती वजा करायला विसरू नका. अ‍ॅनॉन अधिक शमेम हा परत न मिळणारा भाग. कंटेनरची मर्यादा ठरवताना तोच पाहायचा. मेमरी.करंट मर्यादेला टेकलेलं दिसलं, तरी मेमरी.इव्हेंट्समधला ऊम_किल (मेमरी संपल्याने कर्नलने मारलेल्या प्रोसेसची संख्या) शून्य असेल, तर कर्नल फक्त कॅश आवरतो आहे.

डॉकरमध्ये /डेव्ह/एसएचएम मुळात ६४ एमबीच असतं. पॅरलल क्वेरीची सामायिक मेमरी तिथून घेतली जाते, त्यामुळे रॅम भरपूर मोकळी असूनही ‘शेअर्ड मेमरी सेगमेंटचा आकार बदलता आला नाही, जागा शिल्लक नाही’ अशा अर्थाची चूक येते. एसएचएम-साइझ वाढवली की ती जाते.

क्लाउडवर सेवा म्हणून घेतलेल्या डेटाबेसमध्ये /प्रोक उघडता येत नाही. तिथे पायरी १, २, ६ आणि ७ मधलं पोस्टग्रेसच्या आतून दिसणारं जेवढं आहे तेवढं मोजा, आणि मशीनच्या चित्रासाठी सेवेने दिलेला मोकळ्या मेमरीचा आलेख पाहा.

पायरी १०: नोंद ठेवा

एकदा मोजून कळतं ते अपुरं असतं. दर मिनिटाला मेमअव्हेलेबल, शमेम, पेजटेबल्स, वापरलेला स्वॅप, आरएसएसअ‍ॅनॉनची बेरीज आणि पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीतली स्टेटनुसार कनेक्शनची संख्या, एवढं एका फाइलीत किंवा तुमच्या देखरेखीच्या साधनात जाऊ द्या. आरएसएसअ‍ॅनॉन कनेक्शनच्या संख्येबरोबर वर-खाली होत असेल, तर पूलरकडे पाहा. संख्या स्थिर असून तो दिवसेंदिवस चढत असेल, तर पायरी ६ करा. शमेम शेअर्ड_बफर्सच्या बरीच वर गेली असेल, तर टीएमपीएफएसमध्ये कुणी काही ठेवलंय का, ते डीएफने शोधा.

आणि कर्नलच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधण्याची सवय लावून घ्या. ऊम किलरने एक जरी बॅकएंड मारला, तरी सामायिक मेमरी बिघडली असण्याच्या शक्यतेमुळे पोस्टग्रेस सगळी कनेक्शन तोडून रिकव्हरीतून पुन्हा उभा राहतो. ॲप्लिकेशनला ते काही सेकंदांचं नेटवर्क तुटणं वाटतं आणि खरं कारण आठवडेच्या आठवडे लपून राहतं. फक्त डेटाबेससाठी असलेल्या सर्व्हरवर व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी २ ठेवली, म्हणजे कर्नलला मर्यादेपलीकडे मेमरी कबूल करू दिली नाही, तर मेमरी नाकारली गेलेली तेवढी एक क्वेरी चूक देऊन थांबते आणि बाकीचे चालू राहतात. ते करण्याआधी मेमइन्फोतली कमिटेड_एएस (कबूल केलेली एकूण मेमरी) आणि कमिटलिमिट (तिची मर्यादा) या दोन ओळी आठवडाभर टिपून घ्या आणि दोहोंत पुरेसं अंतर राहतंय, याची खात्री करा.